गायकर सर आणि अन्ननलिका

गायकर सरांच्या समोर जेवायला बसायला आमच्या सोसायटीत कोणी तयार नसतं. हा माणूस ताटाकडे बघत नाही, जेवणाऱ्याच्या गळ्याकडे बघतो. माझ्या नातीच्या बारशाला त्यांनी आमच्या व्याह्यांना सांगितलं, "आता पाणी न पिता गिळा पाहू." व्याह्यांना जो ठसका लागला तो आइस्क्रीम येईपर्यंत थांबला नाही. सरांचं म्हणणं एवढंच, की घास फार सुंदर उतरला होता, परत बघायचा होता.

बदलापूरला बेलवलीत आम्ही पहिल्या मजल्यावर, ते आमच्या डोक्यावर. सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात अन्ननलिकेचं मॉडेल करतात. मातीचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं, सगळं गणिताचं. उभी किती ताणते, आडवी किती, ताणून धरली तर हळूहळू किती सैलावते. मी एकदा म्हटलं, शेवटी रबरी नळीच ना? सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मॉडेल खरं की खोटं ते ताडून बघायला त्यांना बोकडाची अन्ननलिका लागते. सर स्वतः माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य. तरी रविवारी बदलापूर गावातला मटणवाला त्यांना लांबूनच हाक मारतो, "सर, आपकी नली काढून ठेवलीय, एकदम फ्रेश." रांगेतली माणसं वळून बघतात. सर ती नळी मिठाच्या पाण्यात बुडवून थर्मासमधून घरी आणतात. त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी, फ्रीजचा खालचा कप्पा कायमचा त्या नळीला देऊन टाकलाय आणि वरच्या कप्प्यात त्या निमूट कोथिंबीर ठेवतात.

नमुना यंत्रात लावून पहिल्यांदा ताणला की जो आकडा येतो, तो सर टाकून देतात. मांस आधी बिचकतं म्हणे. चार-पाच वेळा ताणून सोडलं की मग खरं बोलायला लागतं. "पहिलं रीडिंग धरायचं नाही, कदम," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि ते त्यांनी संसारालाही लावलं. भाजीवाल्याचा पहिला भाव धरायचा नाही, मुलाचा पहिला नकार धरायचा नाही, दाराची पहिली बेल तर नाहीच नाही. मी त्यांच्याकडे दोनदाच वाजवतो.

गेल्या वर्षी वहिनी म्हणाल्या, भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा होतो. सर म्हणाले, एकदाच झालंय ना, पहिलं रीडिंग आहे, बघू. वहिनींनाही एवढ्या वर्षांत तीच सवय लागलेली. त्यांनी भाकरी सोडून पोळी धरली, पोळी सोडून मऊ भात. भातही अडकायला लागला तेव्हा कुठे दोघं डॉक्टरांकडे गेले. अन्ननलिकेत गाठ होती, आणि ती पसरली होती. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. इतक्या नळ्या पारखणाऱ्या माणसाच्या घरात हे व्हावं? मला देवाचा असा राग कधी आला नव्हता.

वाट उघडी राहावी म्हणून आत जाळीची नळी बसवू, डॉक्टर म्हणाले, पण बसवताना फाटण्याचा धोका आहे. सरांनी मॉडेल काढलं. किती ताण सोसेल ते मी सांगतो, म्हणाले. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी वर गेलो तर कॉम्प्युटर बंद होता आणि सर त्याच्याचसमोर बसले होते.

"माझ्या मॉडेलमधली नळी निरोगी आहे, कदम. आजारी मांसाचे आकडे मी कुठून आणू? ते कापून ताणल्याशिवाय मिळत नाहीत."

मी उठून खोलीतला दिवा लावला.

जाळी बसली. थोडे दिवस पेज गेली, ताक गेलं, मग तेही बंद झालं. आता पोटात घातलेल्या नळीतून देतात. तेव्हापासून सरांनी घरचा गॅस बंद केला. ते आमच्याकडे जेवतात, खाली मान घालून, दार लावून घेऊन. वर जाण्याआधी साबणाने हात धुतात, चुळा भरतात. तिला खाता येत नाही, निदान वास तरी जाऊ नये, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. बायको आत जाऊन रडली.

परवा सर औषधं आणायला गेले म्हणून मी वहिनींजवळ बसलो होतो. त्यांचा आवाज आता अगदी कान देऊन ऐकावा लागतो.

"भाऊजी, ह्यांना सांगा, घरात काहीतरी शिजू दे. घराला वासच राहिला नाही. मी आत्ताच गेल्यासारखं वाटतं."

मी ते सरांना जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात लसणीचा वास आला. मोहरी तडतडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला, मागून हिंग, कढीपत्ता. आम्ही दोघं वर धावलो. वहिनी उशीला टेकून, डोळे मिटून लांब लांब श्वास घेत होत्या. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं.

सर स्वयंपाकघरात फोडणीची पळी हातात धरून उभे होते. आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता. वरण आधी शिजवावं लागतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कदम," ते म्हणाले, "हे आता कशावर ओतायचं?"