दोनशे चाळीस दोरे

"मग चित्र कुठं हाय?" त्रिंबकने विचारलं.

"बाबा, हेच आहे," प्रतिक्षा म्हणाली.

समोर एक जुना हातमाग होता. त्यावरचे दोनशे चाळीस दोरे बरोबर मध्यावर कात्रीने कापलेले होते आणि टोकं लोंबत होती. शेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे तुम्ही तोडलंत.' सोलापुरात प्रतिक्षाचं हे प्रदर्शन भरून तीन दिवस झाले होते आणि अभिप्रायाच्या वहीत एकच अभिप्राय आला होता, 'पंखा चालू असावा.'

बापलेकीचं ठरलेलं होतं. पुण्याच्या परीक्षक बाईंनी आज तिथल्या मोठ्या प्रदर्शनासाठी या मागाची निवड केली, तर प्रतिक्षाने पुढचं शिकायला बडोद्याला जायचं. नाही केली, तर मामाने बार्शीच्या शाळेत बघून ठेवलेली चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा धरायची. त्रिंबकचं मत उघड उघड बार्शीला होतं. एकोणतीस वर्षं यंत्रमागावर काढलेल्या माणसाला दोरे कापण्यात कला असते हे पटायचं तरी कसं?

"मी बाईंना आणायला स्टेशनवर जातेय. तुम्ही नुसते बसा. कशाला हात लावू नका."

"ह्याला कोन हात लावतंय? चोर सुदिक न्हेनार न्हाय."

थोड्याच वेळात तिचा फोन आला. गाडी कुर्डुवाडीला अडकली होती, दीड तास तरी लागणार होता. हॉलमध्ये त्रिंबक, माग आणि तो पुठ्ठा, एवढेच उरले. त्रिंबकने पुठ्ठ्याकडे पाठ करून बघितली, पण पाठीमागून कुणीतरी आरोप करतंय असं वाटत राहिलं.

"मी तोडलं? मी?" शेवटी तो उठून पुठ्ठ्यालाच म्हणाला. "दोरा तुटला की सांधल्याबिगर पानी पीत नव्हतो मी!"

पुठ्ठा काही बोलेना. त्रिंबकने इकडेतिकडे बघितलं, एका दोऱ्याची दोन टोकं चिमटीत धरली आणि गाठ मारली. एकच. पण एक दोरा ताठ झाल्यावर शेजारचा फारच ओंगळ दिसायला लागला.

अकरावा दोरा चालू असताना शेजारच्या सावित्रम्मा आल्या. त्यांचंही आयुष्य मागावरच गेलेलं. प्रतिक्षाने त्यांना घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं.

"अय्यो, त्रिंबकभाऊ, ही गाठ हाय का बोर? सरका तिकडं." मग त्यांचं लक्ष पुठ्ठ्याकडे गेलं. "मी तोडलं म्हनतोय का ह्यो? थांब, दाखवते तुला!"

दोघांची बोटं सपासप चालू लागली. दारातून बंद पडलेल्या कापडगिरणीतले दोन जुने कामगार डोकावले, पुठ्ठा वाचून चिडले आणि तेही बसले. त्यांनी फोन करून आणखी चौघांना बोलावलं. तासाभरात मागाभोवती चौदा माणसं होती आणि गाठ बारीक कुणाची यावरून वाद पेटला होता.

तेवढ्यात त्यांतला चनमल्लप्पा नावाचा म्हातारा एक दोरा हातात धरून तसाच थांबला. "गिरनी बंद झाली त्या दिवशी माझा माग असाच ऱ्हायला," तो म्हणाला. "अर्ध्यात."

वाद थांबला. सगळे पुन्हा गाठी मारायला लागले. त्रिंबकने सरकून चनमल्लप्पाच्या दोऱ्याचं दुसरं टोक धरलं आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं. लोंबणारं सूत बघून माणसाला इतकं का लागावं?

शेवटची गाठ बसली आणि फोन वाजला. "बाबा, आलोच. रिक्षात आहोत."

तेव्हा कुठे त्रिंबकच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीला वाटणार, बापाने मुद्दाम केलं. बार्शीसाठी.

"तोडा! समदं तोडा!" तो ओरडला.

"येड लागलंय का?" सावित्रम्मा म्हणाल्या. "आमी न्हाय तोडनार."

त्रिंबकने स्वतः कात्री उचलली. पहिल्या दोऱ्याला लावली. हात चालेना. तो तसाच उभा असताना प्रतिक्षा आणि परीक्षक बाई दारात आल्या.

प्रतिक्षाने ताठ दोरे बघितले, मग कात्री बघितली. "बाबा, एवढी घाई होती बार्शीची?"

"न्हाय गं! शप्पत! ह्या पाटीनं राग आनला, म्हनून... आन आता तोडवंना."

बाईंनी फाइल उघडली. "फोटोत तर दोरे तुटलेले आहेत. पूर्वी होतं तसं कर. दहा मिनिटं देते."

प्रतिक्षाने कात्री घेतली. सोमवारी तिने हेच दोरे गाणं गुणगुणत कापले होते. आता ती एकेका गाठीवरून बोट फिरवत गेली आणि तिचे डोळे भरले. तिने कात्री खाली ठेवली. "मॅडम, आहे तसंच बघा."

"अगं, हे तर नुसतं दुरुस्तीचं काम झालं. यात कला कुठे आहे?"

"कुठं हाय?" त्रिंबक उसळला. "बाई, तीन दिस हितं कुत्रं फिरकलं न्हवतं. आज चौदा मान्सं पदरचा येळ घालून बसली. ह्यो चनमल्लप्पा कवा बायकोजवळ बोलला न्हाय, त्यो हितं बोलला. ही कला न्हाय तर काय हाय?"

बाईंनी ऐकून घेतलं, काम फोटोतल्यासारखंच असावं हा नियम दाखवला आणि निवड नाकारली.

संध्याकाळी मामाचा बार्शीहून फोन आला. शाळेला कळवायचं होतं.

"न्हाय येत ती," त्रिंबक म्हणाला. "बडोद्याला चाललीय."

"म्हंजी निवड झाली म्हना की!"

"न्हाय झाली," त्रिंबक म्हणाला. "त्या बाईंना कलेतलं काय कळत न्हाय."