बकुळेची संधी

एका जंगलात, बाळांनो, झाडून सगळ्यांना गुडघे होते. अजगराला तेवढे नव्हते. म्हणून गुडघा संशोधन मंडळाचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. ज्याला गुडघाच नाही, तो गुडघ्यांच्या बाबतीत पक्षपात कसा करणार? हसू नका. मोठे झालात की तुम्हीही अशाच मंडळांवर जाल.

त्या जंगलात बकुळा नावाची भेकरी राहायची. भेकर म्हणजे लहानखुरं, भित्रं हरीण. एके सकाळी घळीवरून उडी मारताना तिचा मागचा पाय दगडावर पडून पिरगळला. आतून कट् असा आवाज आला. गुडघा सुजून कवठाएवढा झाला.

बकुळा दुखण्याला भीत नव्हती, उन्हाळ्याला भीत होती. उन्हाळ्यात या काठाचं गवत करपायचं आणि सगळा कळप घळ ओलांडून पलीकडच्या हिरव्या राईत जायचा. ज्याला उडी नाही, त्याला राई नाही.

साळूमावशी वानरीण झाडावरून उतरली. जन्मभर फांद्यांवरून पडून पडून तिला हाडांचं बरंच कळत होतं.

"आतली दोरी तुटलीय गं," ती गुडघा चाचपत म्हणाली. "अशीच हुंदडलीस तर चार-पाच पावसाळ्यांत सांधा झिजेल. संधिवात धरेल. रोज सकाळी डोहात पाय हलव. मांडी घट्ट झाली की गुडघ्याला सांभाळते. आणि वर्षभर उडी नाही म्हणजे नाही. यंदा मी टाकेन तुला वरून पाला."

"एवढंच?"

"रोज करायचं म्हटलं की एवढंसुद्धा पुष्कळ होतं."

बकुळेला पटेना. एवढ्या मोठ्या दुखण्याला इतका साधा उपाय कसा असेल? ती लंगडत मंडळाकडे गेली.

मंडळाचा चिटणीस बगळा एका पायावर उभा होता. दुसरा त्यानं अभ्यासासाठी राखून ठेवला होता. बकुळेनं अर्ज पुढे केला. 'माझा सांधा वाचवावा, ही विनंती.'

"सांधा?" बगळ्यानं चोच मुरडली. "हा बोलीतला शब्द झाला. अर्जाला शुद्ध भाषा लागते." त्यानं 'सांधा' खोडून वर 'संधी' लिहिलं आणि पुढचंमागचं व्याकरण जुळवून घेतलं.

"संधी म्हणजे गुडघाच ना, साहेब?"

"संस्कृतात तोच अर्थ आहे."

"मग तोवर डोहात पाय हलवत राहू का? साळूमावशी म्हणते..."

"अजिबात नाही," बगळा म्हणाला. "पाय हलवल्यानं संधिवात टळतो का, हेच तर आम्हांला शोधायचं आहे. तुम्ही आत्ताच हलवलात, तर आम्ही शोधायचं काय? निर्णय येईपर्यंत काही करू नका."

अजगरानं मान डोलावली. खरं तर तो जेवून पेंगत होता, पण इतिवृत्तात मान डोलावली असंच आहे.

'माझी संधी वाचवावी,' असा अर्ज पुढे सरकला. पुढच्या कारकुनानं तो वाचला आणि थेट समान संधी विभागात पाठवून दिला. त्याचं काय चुकलं?

त्याच आठवड्यात एका सांबरिणीचाही गुडघा गेला होता. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं अर्ज केला नाही. ती मुकाट्यानं डोहात पाय हलवत राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं घळ ओलांडली. मंडळानं याची गंभीर दखल घेतली आणि विनापरवाना बरी झाल्याबद्दल तिला अभ्यासातून वगळलं.

बकुळा काठावरून बघत होती. तिला रडू आलं. पण इतके दिवस थांबलोच आहोत, तर निर्णय येईपर्यंत थांबावं, असं तिच्या मनानं घेतलं.

तिसऱ्या वर्षी निर्णय आला. 'अर्जदाराची संधी धोक्यात असल्याचे दिसते. सबब तिला तात्काळ संधी देण्यात यावी.' आणि बकुळेची मंडळाच्या जासूदपदावर नेमणूक झाली. काम एकच, फायली घेऊन धावणं.

"साहेब, मला गुडघा हवा होता," बकुळा म्हणाली.

"चालून आलेली संधी नाकारता?" बगळ्याला वाईट वाटलं. "अर्ज तर तुमचाच आहे."

बकुळा धावली. दोन वर्षं डोंगर चढली नि उतरली. पाचव्या पावसाळ्यात गुडघा करकरू लागला. सकाळी उठताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिनं हे बगळ्याला सांगितलं आणि त्याला प्रथमच मनापासून आनंद झाला.

लगेच अहवाल निघाला. 'संधी मिळालेल्या सर्व अर्जदारांना, एकूण संख्या एक, संधिवात झाला. सबब संधी हेच संधिवाताचे कारण होय.'

अजगराचा सत्कार ठरला. शाल द्यायला त्याला खांदे नव्हते, म्हणून ती गुंडाळायचं ठरलं. तोवर उन्हाळा उजाडला होता, त्यामुळे समारंभ पलीकडच्या राईत ठेवला. बकुळेला खास आमंत्रण होतं. पहिल्या रांगेत तिची जागाही राखून ठेवली होती.

बकुळा घळीच्या अलीकडे उभी राहिली. पलीकडून टाळ्या ऐकू येत होत्या.

साळूमावशीनं वरून पाला टाकला.

"मावशी, आता हलवू का गं डोहात पाय?"

"हलव की. दुखणं थोडं कमी होईल," मावशी म्हणाली. "उडी मात्र गेली, बाई."

तात्पर्य : वेळेवर उपाय केल्यास संशोधनाचे कधीही भरून न निघणारे नुकसान होते. म्हणून चांगल्या मुलांनी आधी अर्ज करावा, आणि तो शुद्ध भाषेत करावा.