डाव्या पायाची कल्पना

कारखान्यात साहेबांनी ‘कल्पना पेटी’ लावून तीन महिने झाले, तरी पेटीत पडली होती फक्त एक चिठ्ठी. तीही ‘चहात साखर वाढवा’ अशी.

“बक्षीस ठेवलं, फोटो लावतो म्हटलं, तरी ह्यांच्या डोक्यातून काही निघत नाही म्हणजे काय!” साहेब करवादले. मालकीणबाई पाहणीला येणार होत्या. निदान स्वच्छता तरी दाखवू, म्हणून ते फेरीला निघाले.

बरण्यांना झाकणं बसवायच्या चार नंबरच्या यंत्रावर मावशी होत्या. तिथे दांडा आदळतो त्या जागी निळ्या चपलेचा तुकडा चिकटवलेला दिसला.

“शी! ही काय घाण?” साहेबांनी तो उपटून फेकला.

मावशींचा खांदा आधीपासूनच आखडला होता. कळलं तर घरी बसवतील, आणि घरात बोलायला होत्या नुसत्या भिंती. त्यांनी देवाचं नाव घेऊन दांडा ओढला. खाडकन आवाज झाला आणि बरणी फुटली.

“सरका, मी दाखवतो!” साहेब पुढे झाले. त्यांनी लागोपाठ तीन बरण्या फोडल्या आणि चौथ्या हिसक्याला “आई गं!” करून खांदा धरून खाली बसले. नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई दारात!

“ह्या यंत्रावर सहा महिन्यांत एकही बरणी फुटली नव्हती. आज काय झालं?”

सगळे बघत होते मिस्त्री अण्णांच्या पायांकडे. उजव्या पायात निळी चप्पल, डाव्यात बायकोची, फुलाची.

“अण्णा, एवढी कल्पना पेटीत का नाही टाकलीत?” साहेब कण्हत म्हणाले.

“पेटीत टाकून मावशींचा खांदा थांबला असता का दुखायचा?” अण्णा म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

मावशींना रडू फुटलं. “आता मला घरी पाठवाल ना?”

“छे हो!” मालकीणबाईंनी त्यांचा हात धरला. “बाकीच्या अकरा यंत्रांनाही हेच लावायचंय. हिसका कुठे बसतो ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी पेटीचं झाकणच लागेना. आत दहा चपला होत्या, सगळ्या डाव्या. आणि पार तळाशी, म्हणजे सगळ्यांच्या आधी पडलेला, एक चकचकीत काळा बूट.

साहेब त्या दिवशी टेबलामागून उठलेच नाहीत.