सतरा वेळा उघडलेली फाइल

"मला कोणाचा हेवा? छे! माझ्या अंगात ते रक्तच नाही," असं थोरले जावई चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगत. आणि ते खरंच होतं! जगात कोणी कितीही वर चढो, त्यांना काही वाटत नसे. फक्त धाकट्या जावयांचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखे. पण ते पोटाचं दुखणं झालं. हेव्याचा त्यात काय संबंध?

थोरले विद्यार्थी-कर्जाच्या कचेरीत तपासनीस. अर्जदाराच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे की नाही, हे दाखल्याशी ताडून बघायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. धाकट्यांचं गाद्यांचं दुकान. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून हे एकमेकांचे साडू. सासूबाईंचा तराजू मात्र कायम धाकट्यांकडे झुकलेला! त्यांनी एकदा सासूबाईंना पाठीला सोसेल अशी गादी करून दिली होती. तीही फुकट! तेव्हापासून सासूबाई झोपताना धाकट्यांना दुवा देत आणि उठताना थोरल्यांची चौकशी करत, "अजून तपासनीसच का?"

एका सोमवारी थोरल्यांच्या संगणकावर एक अर्ज आला. नाव बघतात तर धाकट्यांची मुलगी! नियम अगदी स्पष्ट होता. नात्यातला अर्ज आला तर तो न उघडता शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे पाठवायचा. लोकांची कमाई म्हणजे लोकांचं न्हाणीघर, तिथे डोकवायचं नसतं, हे नव्या कारकुनांना थोरले स्वतःच शिकवत. पण बाई जागेवर नव्हत्या.

"त्या येईपर्यंत अर्ज नीट भरलाय ना, एवढंच बघू," ते मनाशी म्हणाले. "आपलीच पोर आहे."

वडिलांचं वार्षिक उत्पन्न: बेचाळीस लाख!

थोरल्यांनी चष्मा पुसला. बेचाळीस लाखच! एका गादीवाल्याचे? माणसं झोपतात तरी किती?

अर्ज बाईंच्या रांगेत गेला, पण तिथूनही तो कोणालाही उघडून बघता येई. मंगळवारी सकाळी थोरल्यांनी उघडला, आकडा रात्रीतून कमी झालाय का ते बघायला. झाला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत उघडला. चहाआधी उघडला, चहानंतर उघडला. दुखरा दात जिभेने चाचपत राहावा, तसं त्यांचं चाललं होतं.

बुधवारी धाकटे घरी आले.

"साडूभाऊ, जरा शिडी देता का? दुकानाची पाटी रंगवायचीय."

"शिडी?" थोरले कडाडले. "विकत घ्या की! एक कशाला, दोन घ्या! एक चढायला, एक उतरायला!"

धाकटे खो खो हसले. "काय बोलता हो तुम्ही!" म्हणाले, आणि शिडी खांद्यावर टाकून गेलेसुद्धा!

"असं काय खेकसता त्यांच्यावर?" बायको म्हणाली. "बिचारे काळजीत आहेत. कर्जमंजुरीचं पत्र शुक्रवारपर्यंत कॉलेजला गेलं नाही तर पोरीची जागा जाणार."

"बिचारे!" थोरले म्हणाले. "बिचारे!!" आकडा ओठांवर आला होता, पण नोकरी आडवी आली.

शुक्रवारी दुपारी चार वाजता धाकटे मुलीला घेऊन कचेरीत हजर झाले. मुलीचे डोळे सुजले होते.

"काका, अर्ज नामंजूर झाला. उत्पन्न मर्यादेबाहेर म्हणून यंत्रानं आपोआप परत पाठवला. आता फक्त पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

यावर थोरल्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगा, त्यांना गारगार वाटलं.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "उत्पन्न काही लपत नाही."

"लपवलंय कुणी?" धाकटे गोंधळले.

"पण काका, तुम्ही तर माझ्यासाठी किती धडपडलात!" मुलगी म्हणाली. "सतरा वेळा माझी फाइल उघडलीत!"

"कोणी? मी?"

"हो ना! दर वेळी मला मेसेज यायचा. अर्ज किती वाजता उघडला, कोणी उघडला, सगळं! मी बाबांना म्हटलं, बघा, काका जेवणाच्या सुट्टीतसुद्धा माझंच काम करतायत!"

अर्जदारांची माहिती कोण बघतं ते अर्जदारांना कळावं, म्हणून महिन्यापूर्वी हे सुरू झालं होतं. तसं परिपत्रकही फिरलं होतं. थोरल्यांनी त्यावर वाचल्याची सही केली होती, वाचलं तेवढं नव्हतं.

पोरीचा आवाज खणखणीत. आणि नेमक्या मागे कचेरीच्या मुख्य अधिकारी, मॅडम उभ्या!

"सतरा वेळा?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी थोरल्यांना खुर्चीवरून उठवलं, अर्ज उघडला आणि पहिल्या झटक्यात सोबत जोडलेला दाखला काढला. दाखल्यावर चार लाख वीस हजार! मुलीने अर्जात आकड्याच्या शेवटी टिंब देऊन एक शून्य टाकलं होतं. यंत्राने टिंब गिळलं, शून्य ठेवून घेतलं आणि झाले बेचाळीस लाख!

"नात्यातली फाइल उघडलीत, त्याचा मेमो मिळेलच," मॅडम म्हणाल्या. "पण बावीस वर्षं दाखले ताडणारा माणूस सतरा वेळा आकडा बघतो, आणि दाखला एकदाही उघडत नाही?"

थोरले दाखला उघडतील कशाला! आकडा खोटा निघाला असता, तर जळायचं कशावर?

शेजारच्या टेबलावरच्या बाई दुरुस्ती करत होत्या तेवढा वेळ थोरले भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. सोमवारीच ही चूक पकडता आली असती. पोरीची जागा गेली तर ती आपल्यामुळेच जाणार, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचला सात मिनिटं कमी असताना पत्र गेलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

संध्याकाळी धाकटे सहकुटुंब आभार मानायला घरी आले.

"अहो साडूभाऊ, सतरा वेळा कशाला बघायचं? मला विचारायचंत! चार लाख वीस हजार. त्यात लपवायचं काय?" आणि हसत हसत त्यांनी विचारलं, "तुमचं किती हो?"

थोरले ताठ बसले. "हे बघा, अशी माहिती कधी कोणाला..."

"अकरा लाख!" बायकोने आतून सांगून टाकलं.

थोरल्यांनी वरवर कपाळाला आठ्या घातल्या, पण मनातून त्यांना बरं वाटलं. आता कळेल! आता याच्या पोटात दुखेल! चहाचा कप हातात तसाच धरून ते धाकट्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"अकरा? वा वा!" धाकट्यांचा चेहरा खुलला. "फार बरं वाटलं हो ऐकून! तुमचा चेहरा बघून आम्हाला आपलं वाटायचं, घरात फार ओढाताण असावी."