शेवाळावर चादर

आजारी पडून वडील आतल्या खोलीत गेले, तेव्हापासून हॉलमधल्या त्यांच्या माशांच्या लांबलचक टाकीकडे कुणी धड पाहिलंच नव्हतं. काचांवर शेवाळ इतकं चढलं, की आत मासे आहेत की नाहीत तेही कळेना. मुलाने काचा घासल्या, पाणी बदललं. शेवाळ पुन्हा हजर. शेवटी मासे विकणारा दुकानदार म्हणाला, "उजेड तोडा. आठवडाभर झाकून ठेवा." मुलाने खिडक्यांचे पडदे ओढले, दिवा बंद केला आणि टाकीवर जाड ब्लँकेट टाकलं. ते फारच विटकं दिसतं म्हणून सुनेने वरून पांढरी चादर घातली.

सकाळी शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"काल रात्री." वडिलांची झोप मोडू नये म्हणून मुलगाही कुजबुजला. "महिनाभर फार हाल झाले हो. आता सुटलो म्हणायचं."

"मग पुढचं कसं?"

"आठवडाभर असंच झाकून ठेवणार."

काकू वाटी तशीच घेऊन परत गेल्या.

दुपारपर्यंत हॉल भरला. आजारपणात एकदाही न फिरकलेले वडिलांच्या ऑफिसातले सहकारी चादरीकडे बघून डोळे पुसू लागले. मुलगा काही विचारणार, तोच धाकटे काका आत शिरले. वडिलांशी त्यांचा कित्येक वर्षं अबोला होता. चादरीवर डोकं टेकून ते हमसून हमसून रडले. "दादा, माझंच चुकलं रे!"

चादरीखालून बुडबुड आवाज आला. काका ताडकन मागे सरले.

"कुणाचं काय चुकलं?" आतल्या दारात वडील काठी टेकून उभे होते.

कुणीतरी किंचाळलं. मग खुलासा झाला, आणि सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. जिवंत माणसापाशी बसायला कुणालाच सवड नव्हती. एकटे काका मागे राहिले, लालबुंद होऊन.

"शेवाळापायी रडवलंत मला!"

"मी बोलावलं होतं?" वडील म्हणाले.

"पुढच्या वेळी पक्की खात्री करूनच येईन."

"ये की. पण तेव्हा मी नसेन."

काकांनी एक चप्पल घातली होती. ती त्यांनी काढली आणि खुर्ची ओढून बसले.

"रडून घसा सुकलाय," ते खेकसले, "पाणी तरी सांग."