रंग ए-तीन, वास लवंगेचा

माणसाला जीभ दोन कामांसाठी मिळाली आहे: चव घेणं आणि चव सांगणं. यातल्या दुसऱ्या कामाला पहिल्याची गरज पडतेच असं नाही, हे आमच्या चव मंडळाने बेचाळीस बिअरांवर प्रयोग करून सिद्ध केलं आहे.

मंडळ दर रविवारी दुपारी चार वाजता दंतवैद्यांच्या दवाखान्यात भरतं. जागा शास्त्रीय कारणाने निवडलेली आहे. परीक्षकाने घोट तोंडात घोळवून थुंकायचा असतो, आणि खुर्चीच्या हाताशी थुंकायचं भांडं, तेही वर छोट्या नळासकट, ही सोय गावात दुसरीकडे कुठेच नाही. (आजवर कोणीही थुंकलेलं नाही. पण सोय हवी.)

सदस्य तीन. दंतवैद्य हे अध्यक्ष. मोठ्या बाई, म्हणजे माझ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, या उपाध्यक्ष. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला की समोरचा माणूस आपोआप सरळ बसतो. आणि तिसरे माझे बाबा. ते कुलपं दुरुस्त करतात. मी लेखनिक. वयामुळे मला एक थेंबही मिळत नाही, आणि माझी नेमणूक झाली ती त्यामुळेच. सभेच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच अक्षरात लिहील असं कोणीतरी लागतं. माझ्याआधी इतिवृत्त दंतवैद्य स्वतः लिहीत. एकविसाव्या सभेचं इतिवृत्त कोणालाच लागेना, म्हणून ते औषधांच्या दुकानात वाचायला नेलं, तर त्यांनी खोकल्याची बाटली दिली.

परीक्षण तयार झालं की त्याचं कार्ड बिअरच्या दुकानात त्या बाटलीखाली लागतं. गिऱ्हाइकं वाचतात, पितात, आणि गल्ल्याजवळच्या वहीत अभिप्राय लिहितात. म्हणजे आमच्यावर समाजाची जबाबदारी आहे. त्यामुळे नियम कडक आहेत. प्रत्येकाने किमान सात चवी सांगायच्या. "चांगली", "बरी" आणि "मस्त" हे शब्द निषिद्ध. निषिद्ध शब्द तीनदा उच्चारणाऱ्याचं सदस्यत्व रद्द.

बाबांनी दोनदा उच्चारला होता.

बाबांची अडचण अशी की त्यांना बिअर चांगली लागते, आणि विचारलं की ते तसं सांगतात. इतका मोठा दोष असलेला माणूस मंडळात आला कसा, हे मलाही कोडंच आहे. पण ते बाहेर पडले असते तर आमच्या घरावर काय ओढवलं असतं, हे आम्हाला माहीत होतं. मागे दवाखान्याची रंगरंगोटी चालली होती तेव्हा बाबा दोन रविवार घरी होते. पहिल्या रविवारी त्यांनी चांगल्या चालणाऱ्या बाथरूमच्या कडीत सुधारणा केली. दुसऱ्या रविवारी आई दीड तास आत होती.

"काहीही कर," आई मला म्हणाली, "पण त्यांना तिथे टिकव."

पुढची बिअर होती बेल्जियन गोल्डन एल, साडेआठ टक्के. नाव सोनेरी, स्वभाव दांडगा. मी हिय्या केला. वक्तृत्वात दुसरी आल्यापासून मला शब्द कमी पडत नाहीत. बाबांना कागदावरचं काही आठवत नाही, पण किल्ली कुठल्या दाराची हे ते वीस वर्षांनीही सांगतात. म्हणून मी सात चवी किल्ल्यांच्या सात बिल्ल्यांवर लिहिल्या आणि एका कडीत ओवून दिल्या. पिकलेली नासपती, मिरी, मध, लिंबाची साल आणि पावाची कड या पाच मी जुन्या कार्डांवरून उचलल्या. नवा खोडरबर, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्यांदा उघडलेली कंपासपेटी, या दोन माझ्या स्वतःच्या. बाबांनी आठवडाभर पाठांतर केलं. शुक्रवारी एका गिऱ्हाइकाला त्यांनी तिजोरीची किल्ली म्हणून नासपती दिली, ती मी परत आणली.

रविवारी बाटली उघडली. बुचाने छताला एक टिंब दिलं. एकेक सदस्य खुर्चीत आडवा होणार, वरचा दिवा ग्लासावर येणार, आणि अध्यक्ष खोटे दात निवडायची रंगपट्टी ग्लासाशेजारी धरून रंग ठरवणार, अशी आमची पद्धत आहे. एलची छटा ए-तीन निघाली. (दाताचा रंग असेल तर काळजी करावी. बिअरचा असेल तर अभिनंदन.) फेस हिरड्यांची खोली मोजायच्या काडीने मोजला. काडी छोटी म्हणून चार टप्पे करावे लागले: एकूण चाळीस मिलिमीटर. हिरडी एवढी खोल निघाली असती तर दंतवैद्यांनी आत कंदील घेऊन माणूस पाठवला असता.

दंतवैद्यांनी नऊ चवी सांगितल्या. पहिली लवंग. मोठ्या बाईंनी आठ सांगितल्या, आणि सुरुवात केली ती अशी: लवंग ठळक, पण शिस्तीत.

मग बाबा खुर्चीत गेले. खिशात बिल्ले वाजत होते. त्यांनी ग्लासाचा वास घेतला. घोट घेतला. मी ओठांनी "नासपती" केलं. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी हात लांबवून ट्रेमधला रिकामा ग्लास उचलला आणि त्याचाही वास घेतला.

"लवंग बिअरला नाही," बाबा म्हणाले. "ग्लासाला आहे. डॉक्टर, हे ग्लास ठेवता कुठे?"

"औषधांच्या कपाटात."

"त्यात लवंगेचं तेल असतं?"

"दातदुखीला लागतं. असणारच."

"त्या कपाटाचं दार मीच बसवलंय," बाबा जरा ओशाळून म्हणाले. "घट्ट बसलंय. आतला वास बाहेर पडायला वाटच नाही."

मी नोंदी चाळल्या. बेचाळीसपैकी बेचाळीस बिअरांत लवंग होती. एकदा चुकून सोडा आला होता, त्यातही होती.

"कुलूपवाले," दंतवैद्य हळूच म्हणाले, "बेचाळीस कार्डं उतरवावी लागतील, कळतंय ना?"

मोठ्या बाई उठल्या, थुंकायच्या भांड्यावरच्या नळाखाली त्यांनी आपला ग्लास दोनदा विसळला (भांड्याचा मंडळाने केलेला हा पहिला उपयोग), एल ओतली आणि प्यायल्या. मग त्यांनी छतावरच्या टिंबाकडे बघितलं.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या.

दंतवैद्यांनी ग्लास विसळला. "चांगली आहे हो," ते म्हणाले.

"चांगलीच आहे," बाबा म्हणाले.

लेखनिकाला नातं नसतं. मी सभेच्या नजरेस आणून दिलं की हा दोघांचा पहिला आणि बाबांचा तिसरा गुन्हा आहे. त्यावर मोठ्या बाईंनी ठराव मांडला की त्याच गुन्ह्यात सापडलेल्यांना शिक्षेसाठी मत देता येणार नाही. मत द्यायला कोणी उरलं नाही, आणि बाबा राहिले. घरी कळवताच आईने बाथरूमच्या कडीला हात जोडले.

दुसरा ठराव असा की जुनी कार्डं उतरवायची नाहीत. वहीत एकतीस गिऱ्हाइकांनी लवंग स्पष्ट जाणवल्याचं सहीनिशी लिहिलं होतं. एवढ्या लोकांना खोटं पाडणं मंडळाला शोभलं नसतं.

राहता राहिलं एलचं कार्ड. त्यावर सात चवी लागतात, आणि सभेकडे होता एकच शब्द, तोही निषिद्ध. म्हणून मी बाबांच्या खिशातले बिल्ले काढले आणि त्यांवरून ओळीने उतरवून दिलं. आठवडाभरात वहीत एकोणीस अभिप्राय आले. अकरा जणांना कंपासपेटी लगेच ओळखू आली. एकाने खोडरबर किंचित जास्त झाल्याची तक्रार केली. ती मी योग्य ती दखल घेऊन फाइलला लावली.

आता तुमचं. मी ही एल प्यायलेली नाही, तुमच्याही हातात ग्लास नाही. तरी मघाशी मी सुट्टीनंतर उघडलेल्या कंपासपेटीचं लिहिलं तेव्हा तुम्ही नाकाने थोडी हवा आत ओढलीत. त्याची नोंद झाली आहे. सदस्यत्वाला तेवढी पात्रता पुरते. रविवारी चार वाजता या. ग्लास आपला आणा, आणि दात घासून या. अध्यक्ष बघतात.