गोचिडीचं इन्स्पेक्शन

पावसाळा संपून गवत गुडघ्याएवढं झालं, की आमच्या ब्लॉकमधल्या निम्म्या मुलांच्या पोटऱ्यांवर निळ्या बॉलपेनची वर्तुळं दिसायला लागायची. वर्तुळाशेजारी तारीख आणि तारखेखाली सही. नवीन बदलून आलेल्या माणसाला वाटावं, टाउनशिपमध्ये कसलं तरी लसीकरण चाललंय. मलाही तसंच वाटलं होतं. मग एका संध्याकाळी माझी सहा वर्षांची चिमी असलाच शिक्का घेऊन घरी आली आणि ऐटीत म्हणाली, "बाबा, मी होल्डवर आहे!"

तिला होल्डवर ठेवणारे गृहस्थ आमच्याच जिन्यात, समोरच्या दारात राहत. पांढरीपांडेकाका. मूळचे नागपूरचे, पण सगळी नोकरी आमच्याच भोपाळच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढलेली. दिवसभर ते लोखंडाचे सुटे भाग, कारखान्याच्या भाषेत 'जॉब', तपासत आणि घरी आले की गोचिडीचे चावे. क्वार्टरांमागच्या माळावर म्हशी चरायच्या, म्हशींच्या अंगावरच्या गोचिड्या गवतात पडायच्या आणि त्याच गवतात आमची मुलं लोळायची. काकांना कामाचा तुटवडा कधी पडला नाही.

रोज साडेपाचला ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसत. खिशात चिमटा, भिंग आणि स्टीलची फूटपट्टी. समोर मुलांची रांग, आणि रांगेत सर्वांत पुढे काळी. काळी म्हणजे आमच्या ब्लॉकची कुत्री. तिच्या केसांवर बॉलपेन चालत नसे, म्हणून तिची नोंद जिन्याच्या भिंतीवर खडूने व्हायची.

"झटका नको मारू बे! मुंडकं आत राहते," असं म्हणत काका चिमट्याने गोचीड सरळ वर उचलत आणि साबणाच्या पाण्यात टाकत. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या तिवारींनी आपल्या मुलाच्या गोचिडीला पेटती उदबत्ती लावली. काका महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "गोचीड आहे का लवंगी फटाका?" एवढंच त्यांनी मला ऐकवलं, जणू उदबत्ती मीच विकत आणून दिली होती.

गोचीड निघाली की साबणाने धुणं, मग रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, मग कॅलामाइनचा गुलाबी लेप. आणि खाजवायचं नाही! "खाज आली तर थोपट. नख लावलं की जॉब रिजेक्ट." शंका नको म्हणून मुलांची नखंही तेच कापत. वर्तुळाचा हिशेब सोपा होता. लाली वर्तुळाबाहेर गेली किंवा ताप आला, तर तडक दवाखाना. लाली आत आत सरकत नाहीशी झाली, तर पास. तोवर होल्ड.

पण पास करायचा अधिकार फक्त काकांचा. तिवारींचा मुलगा एकदा म्हणाला, "काका, मेरा तो ठीक हो गया।"

"तू कौन होता है बोलनेवाला? तू तो ऑपरेटर है," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मुकुंदा, ज्यानं जॉब केला त्यानं तो स्वतःच तपासायचा नसते. कारखान्याचा पहिला नियम आहे."

काकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात. काकांचं उत्तम चाललंय, असं सगळा ब्लॉक धरून चालला होता.

चिमीचा चावा चौथ्या दिवशी दिसेनासा झाला. काका मात्र रोज सकाळी भिंग घेऊन हजर. ऐन माझ्या दाढीच्या वेळी. चिमीचा पाय मांडीवर घ्यायचे, निरखायचे, चहा प्यायचे. "अर्धा मिलिमीटर बाकी वाटून राहिला. उद्या पाहू." जायला उठायचे, दारात थांबायचे, पुन्हा बसायचे. दहाव्या दिवशी मला उशीर झाला होता, कारखान्याचा भोंगा वाजून गेला होता, आणि मी फटकन बोललो, "काका, पोरीचा पाय केव्हाच बरा झालाय हो. रोज कशाला येता आता?"

काकांनी भिंग खिशात ठेवलं. "बरोबर आहे," म्हणाले. चिमीच्या पोटरीवर 'पास' लिहिलं, सही केली आणि अर्धा चहा टाकून गेले. माझी बायको सुनंदा दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही.

त्यानंतर चार दिवस जिन्याची पायरी रिकामी. मुलं रांग लावून उभी राहत आणि पांगत. काळी तेवढी बसून राही. पाचव्या संध्याकाळी मी माफीची दोन वाक्यं जुळवत त्यांच्या घरी गेलो. मला माफी मागायला मुळीच आवडत नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका बनियनवर उभे, डोळे मिटून, स्वयंपाकघराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासत होते. हातातली स्टीलची फूटपट्टी मानेमागून बनियनमध्ये खुपसलेली. मला पाहताच ताठ उभे राहिले. "काही नाही, अंग जरा आखडलं होतं."

मला हसू येणार होतं. पण ते वळले आणि बनियनवर रक्ताचे डाग दिसले.

"काका, पाठ दाखवा."

"काही नाही रे."

"दाखवा म्हणतो ना!"

डाव्या खांद्याच्या हाडाखाली, जिथे हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही, तिथे चावा ओरबाडून ओरबाडून जखम झाली होती. भोवती लालभडक.

"काळीला साफ करताना चढली असेल," काका खाली बघत म्हणाले. "टॉवेलनं घासून काढली. मुंडकं राहिलं का, ते दिसत नाही."

"किती दिवस झाले?"

"बारा-तेरा. तुझ्याकडे येत होतो ना रोज, तेव्हा सांगणार होतो. पण तुझी दाढी, सुनंदाचे डबे... तुम्ही आपले घाईत." मग म्हणाले, "ही होती तोवर हीच पाहायची. काळीचं आटोपलं की रविवारी माझी पाठ. आपली पाठ आपण कशी तपासणार?"

मला माझीच लाज वाटली. कितीतरी सकाळी हा माणूस पाठीवर चावा घेऊन माझ्या घरी बसला होता आणि मी आरशात बघत होतो.

आमच्या फ्रिजमधला बर्फ आणला. जखम साबणाने धुतली, भोवती बर्फ धरला. फुटलेल्या कातडीवर कॅलामाइन लावायचं नसतं, हे काकांनीच सांगितलं. सकाळी रजा टाकून त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकलं. मग खांद्यावरून मागे हात करून त्यांनी बॉलपेन पुढे केलं. मी लालीभोवती वर्तुळ काढलं. ते अंड्यासारखं झालं.

"तारीख घातली?"

"घातली."

"सही?"

मी सही केली. काका बराच वेळ बनियन खाली न घेता तसेच पाठमोरे बसून राहिले.

दवाखान्यातल्या औषधाने जखम पंधरा दिवसांत भरली. पण काका रिटायर होऊन क्वार्टर सोडेपर्यंत दर रविवारी मी भिंग घेऊन त्यांच्याकडे जात होतो. पाठ नीट निरखायचो आणि म्हणायचो, "अर्धा मिलिमीटर बाकी आहे काका. पुढच्या रविवारी पाहू."

"पाहू," काका म्हणायचे, आणि चहा ठेवायला उठायचे.